देवघरामागचे दार

दार उघडले आणि आतून उदबत्तीचा वास आला. मोगऱ्याची म्हणून विकली जाणारी, पण मोगऱ्याशी फार दूरचे नाते असलेली उदबत्ती. त्या वासाखाली नव्या प्लायवुडचा आणि डिंकाचा उग्र वास दबून राहिला होता. आणि त्याच्याही खाली, चौकटीपाशी, ताज्या वेल्डिंगचा तो जळका वास होता, जो नाकाआधी जिभेला कळतो. प्लायवुड आणि वेल्डिंगचे वास मला अपेक्षितच होते. उदबत्ती तिथे कशासाठी, हे मात्र मला उमगेना. पायरीवर एक पाय ठेवून मी तशीच थांबले.

"चला की आत, बाई," शेडचे मालक मागून म्हणाले. "आपलंच घर हाय."

ते खरोखरच घर होते. चाकांवरचे, जीपच्या मागे हुकाला अडकवून न्यायचे, एका खोलीचे घर. बारामतीहून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याला, औद्योगिक वसाहतीच्या मागे ज्या शेडमध्ये ते तयार झाले, तिथे वर्षानुवर्षे फक्त उसाच्या ट्रॉल्या बनत आल्या आहेत. मालक मूळचे सणसरचे. ऊस किती रचला की ट्रॉलीचा सांगाडा कण्हू लागतो, हे त्यांना पाठ होते. पण माणसे आत निजतील अशी ट्रॉली त्यांनी कधी केली नव्हती. मोठ्या शहरांतल्या लोकांनी आम्हाला नुसती तारीख द्यायलाही महिने लावले, म्हणून आम्ही त्यांच्याकडे वळलो. मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि म्हणाले, हुईल की. शेडमधले कामगार तिला ट्रेलर म्हणत नसत, ट्रॉलीही म्हणत नसत. ते तिला 'बंगला' म्हणत.

हा बंगला आम्हाला का हवा होता, ते इथेच सांगते. कारण त्या दिवशी तेच सांगायची मला मनाई होती.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर कालव्यांच्या काठाने चालले. सुटीच्या दिवशीही त्यांना पाणीच लागे, आणि मग ते भिगवणला जात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला. पहाटे होडीत बसायचे, धुके विरेपर्यंत बोलायचे नाही. मी सोबत असले तर मीही नाही. पाण्यावरचा तो फिका गुलाबी पट्टा हळूहळू पायांचा, मानांचा, पंखांचा होत जाई, आणि ते माझ्या मनगटावर नुसते बोट टेकवत. आमच्या संसारातले कितीतरी बोलणे त्या बोटाने झाले आहे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले; बोलणे परतले, हात परतला. डाव्या पायाचा भरवसा गेला तो गेलाच. आणखी एक गोष्ट गेली, जिच्याबद्दल डॉक्टरांनीही आवाज खाली आणून सांगितले. लघवी त्यांना धरवत नाही. जाणवली की लगेच जावे लागते, आणि वॉकरशिवाय जाता येत नाही. दोन्ही हातांनी वॉकर धरून, आत वळून, त्याच्याच आधाराने बसावे लागते. घरात आम्ही ते दार रुंद करून घेतले. घराबाहेर अशी दारे नसतात. हॉटेलांत नसतात, नातेवाइकांकडे नसतात, धरणाच्या काठावर तर काहीच नसते. म्हणून त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले. भिगवण आमच्यापासून जेमतेम पाऊण तासाचे. दोन हिवाळे त्यांनी ते ओळखीच्या नावाड्याने फोनवर पाठवलेल्या फोटोंत पाहिले. फोटो आला की चष्मा वर करून ते बराच वेळ बघत, आणि मग फोन पालथा ठेवत. तो पालथा ठेवण्याचा आवाज मला सोसत नसे.

तिसऱ्या हिवाळ्याआधी मला हे सुचले. आपणच दार घेऊन जायचे. खाली टाकी असलेले छोटे शौचालय आणि त्याला असे दार, की वॉकर आत जाईल आणि दोन्ही बाजूंना चार चार बोटे जागा उरेल. पलंग, शेगडी, पडदे, दिवे हे सगळे मी त्या दाराभोवती रचले होते. यजमानांनी स्वतःसाठी एवढेच मागितले की पलंगाशेजारची खिडकी खाली घ्यावी, म्हणजे निजूनही पाणी दिसेल.

त्यांची एकच अट होती. कुणाला कळता कामा नये. शेडमालकांना नाही, सख्ख्या धाकट्या भावालाही नाही. चारचौघांत ते काठी घेत आणि कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून बसल्या जागी बसून राहत. घरातला वॉकर पाहुणे आले की माजघरात जाई. त्या सकाळी निघताना मी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकली, ते त्यांनी पाहिले.

"तिथे टेप काढायची नाही," ते म्हणाले. "लोक विचारतील, संडासाचे दार कशाला मोजताय."

वॉकर मी चादरीत गुंडाळून जीपच्या मागच्या सीटमागे सरकवला होता. जीप माझ्या दिरांची. भावजी इंदापूरकडे राहतात, डाळिंब आणि पेरू करतात. घर ओढून न्यायला त्यांची जीप लागणार म्हणून ते पहाटेच निघून आले होते, आणि त्या गुंडाळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांच्या डोक्यात वेगळेच चालले होते. घर आधी इंदापूरला न्यायचे, गल्लीत उभे करायचे; जाऊबाई ओवाळणीचे ताट करून बसल्या होत्या, शेजारपाजारही जमला होता. रस्ताभर त्यांना फोन येत राहिले आणि प्रत्येकाला ते सांगत राहिले, निघालोच.

तर मी पायरी चढून आत गेले.

समोर देवघर होते. आम्ही न सांगितलेले, कागदावर नसलेले. सागवानी रंगाच्या सनमायक्याचे, कमानीला नक्षी, वर कळस, आत मिणमिणणारे पिवळे दिवे, बोटाएवढी पितळी घंटा. आत मुठीत मावेल असा रांगता बाळकृष्ण. त्याला लाल मखमलीचा अंगरखा होता, हाताने शिवलेला. टाके इतके बारीक की मी नकळत वाकून पाहिले. तिथेच ती उदबत्ती जळत होती.

सुंदर होते ते. हे लिहिताना मी सांगितलेच पाहिजे, की सुंदर होते.

मग माझी नजर देवघराच्या मागे गेली. जिथे शौचालयाची भिंत असायला हवी होती, तिथे हातभर रिकामी फट होती. त्या फटीपलीकडे भिंत सुरू होत होती, आणि दार पलंगासमोर नव्हतेच. ते कोपऱ्यात, मागच्या बाजूला वळवलेले होते. अंग चोरून उभ्या असलेल्या माणसासारखे अरुंद.

"हे असे का?" मी विचारले.

"कसं?"

"दार. मी इकडे काढले होते. मोठे."

मालकांना प्रश्न आवडला. दाखवण्यासारखे काही कुणी विचारावे, याची जणू ते वाटच बघत होते. "आता घर म्हणलं की देव आला, बाई. तुमच्या कागदावर देवच न्हवता. म्हणलं, बाई इसरल्या असतील. माझ्या आईनं तिच्या देवाऱ्यातला बाळकृष्ण दिला काढून. आन देवाच्या पाठीला संडास लावायचा व्हय? मधी जागा सोडली. आता देवाच्या तोंडासमूर बी दार नगं, म्हणून पलीकडं फिरवलं. तितं एवढंच बसत हुतं."

"पण ते फार लहान झाले."

"संडासाचं दार हाय, बाई. देवळाचं न्हाय."

भावजी दारात उभे राहून ऐकत होते. ते हसले. "वहिनींना आत कपाट न्यायचं असंल."

मी म्हटले, मी कागदावर मोठे काढून दिले होते आणि तसे लिहिलेही होते. मालकांनी ते नाकारले नाही. "लिवलं हुतं की. पर कशाला, ते लिवलं न्हवतं."

 चांगल्या शब्दांवर मी आयुष्य काढले आहे. कॉलेजात कविता शिकवली, एकेका शब्दापाशी वर्गाला तासभर थांबवले. आणि इथे एका साध्या वाक्याची गरज होती, जे मला पाठ होते, आणि ते मी उच्चारू शकत नव्हते.

यजमान शेडच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काठी मांडीवर आडवी. नजर खिडकीवर. खिडकी त्यांच्या मनासारखी झाली होती, अगदी खाली, लांबट, आणि तिच्या काचेत शेडसमोरचे लिंबाचे झाड हलत होते. मी त्यांच्याजवळ वाकले आणि सांगितले, की दार बदलले आहे, वॉकर आत जाणार नाही.

"हळू बोल," ते म्हणाले. मग खिडकीवरची नजर न हलवता, "मोजलंस?"

"तुम्हीच नको म्हणालात."

त्यांनी मांडीवरची काठी सारखी केली. मग म्हणाले, की आता एवढे केले आहे त्यांनी, नेऊ या तर खरे; पुढचे पुढे बघू. त्या 'पुढे'मध्ये काय आहे, ते मला तिथल्या तिथे दिसले. उजनीच्या काठावर उभे राहिलेले हे घर. पाण्यावर गुलाबी पट्टा. आणि ते काहीही न बघता म्हणणार, चल, परत जाऊ. त्यानंतर चौथा हिवाळा नाही. मी त्यांना ओळखते. ज्या गोष्टीने त्यांची एकदा फजिती केली, तिच्याकडे ते पुन्हा बघत नाहीत.

मला राग आला होता. कुणाचा, हे ठरवणेही अवघड होते. मालकांचा म्हणावा, तर त्यांनी चांगुलपणाच केला होता. देवाचा म्हणावा, तर तो रांगत होता. यजमानांचा राग येऊ द्यायची मला सवय नाही. मी उरलेली तपासणी करायला उठले.

कारण तपासणी तर करायचीच होती. मी त्यासाठी कितीतरी रात्री परदेशातल्या जोडप्यांचे व्हिडिओ पाहिले होते. नवे घर ताब्यात घेण्याआधी छतावर पाणी सोडून पाहतात, प्रत्येक नळ, प्रत्येक कडी, प्रत्येक चाक तपासतात. मी म्हटले, छत गळते का पाहू. मालक थोडे दुखावले. उसाच्या ट्रॉलीची तपासणी म्हणजे त्यांच्याकडे एक हातोडा असतो. जोडावर हलकेच मारायचा आणि ऐकायचे. पक्का जोड स्वच्छ वाजतो, कच्चा जोड ठसका लागल्यासारखा. ते माझ्यासाठी पूर्ण सांगाडाभर फिरले, टण, टण, टण, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून पाहिले. एकही जोड ठसकला नाही. मला तो आवाज आवडला, आणि आवडला म्हणून अधिकच चीड आली. कारण इतके सगळे नीट असताना चुकले होते नेमके तेच.

पाण्यासाठी भावजींनी जीपमधून डाळिंबावर फवारायचा पाठीवरचा पंप काढला. तो धुतला आहे का, असे मी विचारल्यावर म्हणाले, "वहिनी, तुमच्या बंगल्याला आता कीड लागायची न्हाय." छतावरून पाणी ओघळू लागले तसा औषधाचा तिखट वास पसरला; यजमानांनी रुमाल नाकाला लावला. मी आत उभी राहून वर पाहत होते. थेंबही आला नाही. खिडक्यांच्या कडेनेही नाही. बाहेर पत्र्यावर बारीक तडतड चालू होती, आत उदबत्ती अर्ध्यावर आली होती, आणि माझ्या पाठीमागे ते दार होते.

मी एकटीच आहे असे पाहून मी वळले. टेप काढायची नव्हती. पण घरी तो वॉकर मी रोज उचलते. पलंगापासून दूर करते, जवळ आणते, फरशी पुसताना कडेवरच्या मुलासारखा बाजूला नेते. त्याची रुंदी माझ्या हातांना पाठ आहे. मी दोन्ही हात तसे पुढे केले, त्याच्या दांड्यांवर ठेवल्यासारखे, आणि ती रिकामी रुंदी न मोडता देवघराला वळसा घालून दारापर्यंत गेले. मुठी चौकटीवर आदळल्या. डावी आधी, मग उजवी. मी मागे सरून पुन्हा गेले. मन वेडे असते. हात जरा जवळ घेऊन पाहिले. मग माझी मलाच लाज वाटली, मी कुणाला फसवत होते?

"बाई, फुगडी घालताय का काय?" मालकांचे डोके दारातून आत आले होते.

मी म्हटले, कोपरा बघत होते.

त्यांनी मग मला एकेक गोष्ट कौतुकाने दाखवली. गॅसच्या नळीवर मीच साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही. नळ सुरू झाला, आधी खोकला, मग धार. पंख्याने पडदे फुगवले. दिव्यांना तीन रंग होते. पलंगाची फळी उचलली की खाली कप्पा. प्रत्येक गोष्टीनंतर मी मान हलवत होते आणि पुन्हा दाराचा विषय काढत होते. दर वेळी नव्या खोट्या कारणाने. बिजागरी बाहेरून आहे. हवा खेळणार नाही. साफसफाईला हात जाणार नाही. दर वेळी त्यांच्यापाशी उत्तर होते, आणि दर वेळी मी थोडी अधिक कटकटी ठरत होते. भावजी घड्याळ पाहू लागले. "वहिनी, तुमी पेपर तपासताय का गाडी? सगळं बरोबर लिवलंय पोरानं, तरी लाल पेन हायच."

मी हसले. हसावे लागले.

तेवढ्यात मालकांच्या आई पूजेचे ताट घेऊन आल्या. हिरवे लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांना हळदीचा आणि ताज्या झेंडूचा कडवट वास. त्यांनी माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि विचारले, "आवडला का गं देव?" मी म्हटले, फार सुंदर आहे. "अंगरखा म्या शिवलाय. आता नीट दिसत न्हाय, पर त्याचं माप ठाव हाय मला."  त्या हातांनाही एक माप पाठ होते.

घराच्या कपाळावर त्यांनी हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढले, हुकाला झेंडूची माळ घातली. भावजींनी जीप मागे घेऊन घर अडकवलेही होते. लोखंड लोखंडात बसल्याचा जड, समाधानी आवाज झाला. चाकाखाली लिंबू आले. मालकांनी नारळ हातात घेतला, टोपी सारखी केली. सगळे उभे राहिले. यजमान काठीवर भार देऊन खुर्चीतून अर्धवट उठले.

आमच्याकडे नारळ फुटला की वस्तू आपली झाली. मग तिच्यात खोट काढणे म्हणजे घरात आलेल्या सुनेला उंबऱ्यावरून परत पाठवणे. मला हे ठाऊक होते, तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सही, शिक्का, पावती या सगळ्यांपेक्षा तो एक आवाज पक्का.

"नारळ फोडू नका," मी म्हटले.

मालकांचा हात वरच राहिला. शेडच्या आत कुणीतरी ग्राइंडर चालवत होते, तेही नेमके तेव्हाच थांबले, आणि माझा आवाज नको तितका स्पष्ट ऐकू आला.

"दार मोठे करून द्या. मग आम्ही नेऊ."

मालकांनी नारळ खाली घेतला. ते रागावले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, ते समजावू लागले. दार मोठे करायचे तर भिंत सरकवावी लागेल. भिंत सरकवायची तर देवघर काढावे लागेल. देव बसवून झाला आहे. शिवाय, त्यांनी हाताने रस्त्याकडे दाखवले. तिथे शेडच्या बाहेर उसाच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या होत्या, कुणाचा मणका वाकलेला, कुणाचे चाक निघालेले. उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायला आला होता. "आज न्हेली न्हाय, तर सीझन संपल्याबिगर हिला हात लागायचा न्हाय, बाई. खोटं कशाला सांगू."

सीझन संपेल तेव्हा उन्हाळा लागलेला असेल. पाणी मागे सरलेले असेल, आणि पक्षी परतीच्या वाटेवर. मला हे कळत होते, आणि यजमानांना माझ्याहून नीट कळत होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"मग सीझननंतर द्या," मी म्हटले.

भावजी पुढे आले. या वेळी ते हसत नव्हते. ते म्हणाले, की वहिनी, तिकडे इंदापुरात ताट करून बायका उन्हात उभ्या आहेत. एवढ्याशा दारासाठी हे काय चालले आहे, आणि दादांनी हौसेने केलेली गोष्ट. "दादा, तू तरी सांग की. का तुज्या बी मनात संडासाला गोपूर बांधायचं हाय?"

मालकांच्या आईने ताट खाली ठेवले होते. त्या कुणाला उद्देशून बोलल्या नाहीत, हवेतच बोलल्या. "शिकलेली बाई. देवाला घराभायेर काढा म्हणती." त्यांचे डोळे भरलेले होते. मला त्यांच्या पाया पडून सांगावेसे वाटले, की तुमचा देव मला नको असे नाही हो. मला दुसरे काहीतरी त्याच्याआधी हवे आहे. पण ते दुसरे माझे नव्हते. ते दुसऱ्या कुणाचे तरी होते, आणि तो माणूस तिथेच उभा होता.

मी पर्स पोटाशी धरली. आतली टेप कापडातून बोटांना लागत होती, गोगलगायीसारखी गुंडाळलेली. सगळेजण आता माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, आणि मला सांगता येण्याजोगे एकही कारण उरले नव्हते. औषधाच्या पाण्याचे शेवटचे थेंब छतावरून पत्र्यावर पडत होते. 

मग यजमान बोलले. भावाला म्हणाले, की जीपच्या मागच्या सीटमागे चादरीत काहीतरी आहे, ते आण.

भावजी गेले. गुंडाळी काखेत मारून आले, उचलतानाच ती त्यांना अनोळखी वाटली असावी. चादर सोडताना त्यांचे हात मंदावले. ॲल्युमिनियमचे पाय आधी निघाले, खाली रबराच्या झिजलेल्या टोप्या. मग दांड्या, जिथे रोजच्या पकडीने काळे फोम गुळगुळीत झाले आहे. वॉकर त्यांच्या हातात उलगडला, खट्ट. माझ्या घरातला, माजघरात लपणारा तो आवाज उन्हात, सगळ्यांसमोर.

यजमानांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. वॉकर जवळ ओढला आणि दोन्ही हातांनी धरून सरळ उभे राहिले. त्या सबंध दिवसात ते पहिल्यांदाच सरळ उभे राहिले होते. मग त्यांनी सांगितले. कालव्यावर कामगारांना पाण्याची पातळी सांगत तशा आवाजात, उंच नाही, खाली नाही. की त्यांना लघवी धरवत नाही. की हे यंत्र आत गेल्याशिवाय त्यांना जाता येत नाही. की त्या दारातून हे जात नाही, आणि ही गाडी त्या दारासाठीच करवली आहे. बायको हे सकाळपासून सांगणार होती, तिला त्यांनीच अडवले होते.

भावजींच्या हातात रिकामी चादर होती. तिची त्यांनी घडी घातली, मग ती उलगडली, मग पुन्हा घडी घातली. "दादा," ते म्हणाले. मालकांच्या आई उठल्या, पायरीला धरून आत चढल्या. आतून घंटेचा एक चुकार किणकिणाट ऐकू आला, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा लाल अंगरख्यातला बाळकृष्ण त्यांच्या पदरात होता. मुलाकडे न बघता त्या म्हणाल्या, की देवाला दुसरीकडे कुठेही बसता येते.

मालकांनी गळ्यातला गमछा काढून तोंड पुसले. रांगेतल्या ट्रॉल्यांकडे एकदा पाहिले, शेडमध्ये कुणाला तरी हाक मारली, आणि खिशातून स्वतःची लोखंडी टेप काढून पायरीकडे निघाले.

यजमानांनी हात आडवा केला. त्यांना थांबवले. मग ते माझ्याकडे वळले, माझ्या पर्सकडे पाहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"मोज."